लोकनायक बापूजी अणे : जीवन परिचय आणि विदर्भ राज्याची मागणी



१ मे म्हणजे आपल्या शाळांमध्ये दुहेरी धांदलीचा दिवस. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि लगेच निकालपत्रकं वाटायची. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी माझ्या चौथीतल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं की एकदा दिल्लीच्या मोठ्या आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करा असं लिहून दिलं होतं. मग ते राज्य काहून नाही झालं, असा त्याचा साधा सवाल होता. माझ्या हातात निकालपत्रकांचा गठ्ठा होता. हे परीक्षेला येत नाही, असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

खरं सांगायचं तर मला उत्तर येतच नव्हतं. डी.एड. करताना अमरावतीत दोन वर्षं काढली, आता नोकरी अकोला जिल्ह्यात, म्हणजे सगळं आयुष्य वऱ्हाडातच. तरी आपल्याच भागाचा हा इतिहास मला कोणी शिकवला नव्हता आणि मीही तो कधी शोधला नव्हता. त्या सुट्टीत वाचायला बसले. वाचता वाचता एक नाव सारखं समोर येत राहिलं, ते म्हणजे लोकनायक बापूजी अणे. आजचा पाठ त्यांच्यावर. त्यांची वाक्यं इथे दिलेली नाहीत. त्यांनी काय केलं तेवढंच सांगते.

जन्म आणि शिक्षण

बापूजींचं पूर्ण नाव माधव श्रीहरी अणे. जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे. वणी आज यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण त्या काळी तो जिल्हाच वणी या नावाने ओळखला जायचा.

त्यांचा जन्म झाला तेव्हा वऱ्हाडाची अवस्था मोठी विचित्र होती. मालकी हैदराबादच्या निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. १८५३ मध्ये निजामाने कर्ज आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. पुढे १९०३ मध्ये इंग्रजांनी ते मध्य प्रांताला जोडलं आणि नागपूरहून कारभार सुरू झाला. म्हणजे पुण्या-मुंबईची मराठी माणसं एका राज्यव्यवस्थेत आणि वऱ्हाडातली दुसऱ्याच. मुलांना हे सांगताना नकाशा जरूर काढा. भाषा एक असूनही कारभार, कचेऱ्या, सारा गोळा करायची पद्धत सगळं वेगळं होतं. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे.

बापूजींचं उच्च शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झालं. संस्कृतची गोडी त्यांना तेव्हापासून होती आणि ती शेवटपर्यंत टिकली.

आधी शिक्षक, मग वकील

आपल्या सगळ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे बापूजी आधी मास्तर होते. १९०४ ते १९०७ या काळात त्यांनी अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कूलमध्ये शिकवलं.

अमरावती म्हणजे तेव्हा वऱ्हाडातल्या राजकारणाचं केंद्र. १८९७ मध्ये इथे काँग्रेसचं राष्ट्रीय अधिवेशन भरलेलं होतं. लोकमान्य टिळकांचे जिवलग मित्र दादासाहेब खापर्डे इथलेच. अशा गावात तरुण शिक्षक टिळकांच्या विचारांकडे ओढला गेला नसता तरच नवल.

कायद्याची परीक्षा पास झाल्यावर बापूजी यवतमाळला गेले आणि वकिली करू लागले. पण वकिलीपेक्षा सार्वजनिक काम वाढत गेलं. टिळकांच्या होमरूल चळवळीचा वऱ्हाडात त्यांनी प्रचार केला. यवतमाळहून ‘लोकमत’ नावाचं साप्ताहिक काढलं. आज घरोघरी येणारं दैनिक ‘लोकमत’ आहे ना, त्याचं मूळ तिथे आहे. किती पालकांना हे माहीत असेल, एकदा पालकसभेत विचारून बघा.

वऱ्हाडची वेगळी काँग्रेस

१९२० मध्ये टिळक गेले. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलली आणि इंग्रजांचे प्रांत बाजूला ठेवून भाषेनुसार प्रांतिक समित्या केल्या. इथे एक बारकावा लक्षात घ्या. मराठी मुलखासाठी काँग्रेसने एकच समिती केली नाही. महाराष्ट्राची वेगळी, मुंबई शहराची वेगळी, नागपूरकडच्या मराठी मध्य प्रांताची वेगळी आणि वऱ्हाडची वेगळी. वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद बापूजींकडे १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षं होतं.

म्हणजे वऱ्हाड हा स्वतंत्र घटक आहे ही कल्पना म्हातारपणी अचानक त्यांच्या डोक्यात आलेली नव्हती. ज्या पक्षात ते वाढले त्या पक्षाच्या रचनेतच ती होती. रोजचं काम करताना, गावोगावी फिरताना, त्यांची सवयच तशी झालेली होती.

पहिला छोटा पक्ष : अकोला, १९२६

बापूजींच्या आयुष्यात तीन छोटे पक्ष किंवा संघटना येतात. तिन्ही फार टिकल्या नाहीत. पण त्या समजून घेतल्या तर माणूस समजतो.

काँग्रेसमधल्या स्वराज्य पक्षाचं धोरण असं होतं की कायदेमंडळात निवडून जायचं, पण सरकारी पद घ्यायचं नाही, आतून अडवणूक करायची. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे स्वराज्य पक्षाचे होते आणि मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. देशभर गदारोळ झाला. काहींना हा विश्वासघात वाटला. तर टिळकांच्या तालमीतल्या काही पुढाऱ्यांना वाटलं की लोकांच्या उपयोगाचं पद मिळत असेल तर घ्यावं, जिथे सरकार चूक करेल तिथे विरोध करावा.

या दुसऱ्या विचाराच्या लोकांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात परिषद घेऊन प्रतियोगी सहकार पक्ष काढला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि बापूजी अणे ही त्यातली मोठी नावं. आपलं अकोला, जिथे आज आपण कापसाच्या भावावर आणि उन्हाच्या पाऱ्यावर बोलतो, तिथे एका अखिल भारतीय पक्षाचा जन्म झाला होता.

हा पक्ष फार वर्षं चालला नाही. सविनय कायदेभंगाची लाट आली आणि तो मागे पडला. पण बापूजींचा स्वभाव यातून दिसतो. गांधीजींबद्दल आदर ठेवूनही त्यांचं एखादं धोरण पटलं नाही तर ते उघड वेगळी वाट धरत. आणि वेगळी वाट धरली तरी माणसं तोडत नसत.

१९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करणारी जी समिती नेमली गेली, तिच्यात बापूजी सदस्य होते. भाषेनुसार प्रांत असावेत या तत्त्वाला त्या अहवालाने पाठिंबा दिला. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वेगळा विदर्भ मागणारा माणूस मराठीचा विरोधक असतो असं कोणी म्हणालं, तर हे उदाहरण आठवावं.

पुसदचा जंगल सत्याग्रह

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्याकडे समुद्र कुठला? वऱ्हाडात इंग्रजांचा जाच जाणवायचा तो जंगलाच्या कायद्यातून. राखीव जंगलातलं गवत, लाकूड घ्यायला गरिबांना बंदी होती. त्यामुळे इथे मिठाऐवजी गवत कापून कायदा मोडायचं ठरलं.

जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी गवत कापलं आणि अटक करून घेतली. वयाची पन्नाशी गाठलेला, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेला वकील हातात विळा घेऊन गवत कापतोय, हे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभं करा. त्यानंतर वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात ठिकठिकाणी असे सत्याग्रह झाले. चार वर्षांपूर्वी जो माणूस पदं घ्यावीत म्हणत होता, तोच वेळ आली तेव्हा तुरुंगात गेला.

१९३३ मध्ये बहुतेक मोठे नेते तुरुंगात असताना बापूजी काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी मोजक्या स्वयंसेवकांना घेऊन ते अकोल्याकडे निघाले आणि त्यांना अटक झाली. लोक त्यांना लोकनायक म्हणत, ते अशा कामांमुळे.

दुसरा छोटा पक्ष : १९३४

ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये धर्म आणि जातीनुसार मतदारसंघांची वाटणी करणारा जातीय निवाडा जाहीर केला. काँग्रेसने पुढे त्याबाबत ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली. पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजींना हे मान्य नव्हतं. दोघांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत या पक्षाला थोड्या जागा मिळाल्या आणि कायदेमंडळात बापूजी त्याचे नेते झाले. हाही पक्ष काही वर्षांतच विरून गेला.

वर्षभरापूर्वी ज्या पक्षाचा अध्यक्ष होतो त्याच्याविरुद्ध निवडणुकीत उभं राहायचं, याला धाडस लागतं. ते बरोबर होतं की चूक यावर मतं वेगळी असू शकतात.

टीकेचा काळ

महापुरुषाचा धडा शिकवताना आपण फक्त चांगलंच सांगतो. मला वाटतं हे बरोबर नाही. मुलांना माणूस कळायला हवा.

१९४१ मध्ये बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातलं सदस्यपद स्वीकारलं. परदेशातल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे होतं. पुढच्याच वर्षी छोडो भारत आंदोलन झालं. काँग्रेसचे नेते तुरुंगात आणि बापूजी इंग्रज सरकारच्या मंडळात, असं अवघड चित्र निर्माण झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्याच विदर्भात चिमूरला लोकांचा उठाव झाला आणि नंतर फौजेने गावावर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी दिल्लीला बापूजींच्याच घरी जाऊन उपोषणाला बसले. आपल्या माणसांवर अन्याय झालाय, आपलाच माणूस दारात उपाशी बसलाय आणि आपण सत्तेत आहोत. बापूजींसाठी तो काळ किती कठीण गेला असेल याची कल्पना करता येते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांची सुटका करायला सरकार तयार होईना, तेव्हा बापूजी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. काहींच्या मते हे उशिरा सुचलेलं शहाणपण होतं. पण सत्तेच्या खुर्चीतून उठून जाणं त्यांना जमलं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर १९४३ ते १९४७ ते श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, भारत सरकारचे प्रतिनिधी होते. तिथल्या चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांचे प्रश्न मोठे होते. परत आल्यावर ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल राहिले.

विदर्भ राज्याची मागणी

राज्यपालपद संपलं तेव्हा बापूजी ७१ वर्षांचे होते. आपल्या हिशेबाने हे निवृत्तीचं, नातवंडांत रमण्याचं वय. बापूजींनी मात्र इथून पुढे आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम हाती घेतलं.

ही मागणी जुनी होती. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड असं आपल्याकडे म्हणतात. कापसामुळे इथला महसूल चांगला होता. तो पैसा मध्य प्रांताच्या हिंदी भागावर खर्च होतो, ही वऱ्हाडकरांची तक्रार इंग्रजांच्या काळापासून होती. १९३८ मध्ये नागपूरच्या कायदेमंडळाने मराठी भागाचा वेगळा प्रांत करावा असा ठरावही केला होता. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर, अकोल्यात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी अकोला करार केला. एकत्र मराठी प्रांत करायचा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत ठेवायचे, असा त्याचा गाभा होता. तो प्रत्यक्षात आला नाही. १९५३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूर करार झाला. त्यात उपप्रांतांची कल्पना नव्हती, त्याऐवजी विदर्भाला निधी, नोकऱ्या आणि शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि नागपूरला विधिमंडळाचं एक अधिवेशन अशी आश्वासनं होती.

१९५३ च्या शेवटी केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर सदस्य. या आयोगापुढे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडण्यात बापूजी आणि अकोल्याचे विदर्भकेसरी ब्रिजलाल बियाणी पुढे होते. बघा, एक यवतमाळचे मराठी टिळकभक्त, दुसरे अकोल्यातले मारवाडी घरातले गांधीवादी. भाषा, वळण वेगळं, मागणी मात्र एक.

१९५५ च्या अहवालात आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा असे आठ जिल्हे आणि सुमारे ७६ लाख लोकसंख्या. हे राज्य स्वतःच्या उत्पन्नावर चालू शकेल असं आयोगाचं मत होतं. मुंबईत जोडलं गेलं तर नागपूरचं महत्त्व जाईल आणि विदर्भाकडे दुर्लक्ष होईल, ही इथल्या लोकांची भीतीही आयोगाने विचारात घेतली होती. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा अगदी बरोबर सांगत होते.

मग ते राज्य काहून नाही झालं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या वाचनातून मला जे समजलं ते असं.

पहिलं कारण, आयोग फक्त शिफारस करतो, निर्णय संसद घेते. दुसरं कारण, सगळ्या मराठी माणसांचं एक राज्य व्हावं ही संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेव्हा फार जोरात होती. त्यासाठी मुंबईत लोकांनी प्राण दिले. ती मागणी करणाऱ्यांना विदर्भाशिवाय महाराष्ट्र अपुरा वाटत होता. तिसरं कारण, मुंबई कोणाची या वादात दिल्लीला तोडगा सापडत नव्हता. शेवटी गुजराती आणि मराठी दोन्ही भाषकांचं एक मोठं द्विभाषिक मुंबई राज्य करायचं ठरलं आणि त्यात विदर्भही गेला. चौथं कारण आपल्या घरातलं आहे. खुद्द विदर्भात सगळे एका मताचे नव्हते. इथलेही अनेक नेते आणि लोक एकाच मराठी राज्याच्या बाजूने होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं.

तिसरा छोटा पक्ष : नाग विदर्भ आंदोलन समिती

या सगळ्या काळात वेगळ्या राज्यासाठी नाग विदर्भ आंदोलन समिती काम करत होती. नाग म्हणजे नागपूरकडचा भाग आणि विदर्भ म्हणजे वऱ्हाड. बापूजी या चळवळीचा चेहरा होते.

नागपूरच्या खासदार अनसूयाबाई काळे यांच्या निधनानंतर १९५९ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बापूजी काँग्रेसबाहेरून, विदर्भाच्या मुद्द्यावर उभे राहिले आणि निवडून आले. वय ७८. महाराष्ट्र राज्य झाल्यावर अनेकांना वाटलं, आता विषय संपला. पण १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ८१ वर्षांचे बापूजी नागपूरहून पुन्हा अपक्ष म्हणून निवडून आले आणि १९६७ पर्यंत लोकसभेत बसले.

राज्य मात्र मिळालं नाही. एका खासदाराच्या मतावर राज्य होत नसतं. समितीची ताकद पुढे ओसरत गेली. नंतर यवतमाळचेच जांबुवंतराव धोटे यांनी हा झेंडा अधिक आक्रमकपणे उचलला आणि १९७१ मध्ये तेही नागपूरहून लोकसभेवर गेले. त्यांनी काढलेला विदर्भाचा पक्षही फार टिकला नाही. वेगळ्या विदर्भासाठी पक्ष निघतात आणि विरतात, हे चक्र तेव्हापासून चालूच आहे. बापूजींचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. २०१६ मध्ये त्यांनी याच विषयावरच्या वादातून ते पद सोडलं, हे पालकांना आठवत असेल.

शेवटची वर्षं

या राजकारणाच्या धकाधकीत बापूजी एक काम शांतपणे करत होते. आपल्या गुरूचं, लोकमान्य टिळकांचं चरित्र त्यांनी संस्कृतमध्ये काव्यरूपाने लिहिलं. ‘श्रीतिलकयशोर्णवः’ हे त्याचं नाव, म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. बारा हजारांहून जास्त श्लोक. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला आणि १९७३ चा संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला.

२६ जानेवारी १९६८ रोजी पुण्यात बापूजींचं निधन झालं. त्याच प्रजासत्ताक दिनाला त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं होतं. त्याच वर्षी ब्रिजलाल बियाणीही गेले. आज यवतमाळला बापूजींच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे आणि अमरावतीत बियाणींच्या नावाचं विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या किती मुलामुलींना ही माणसं कोण होती ते माहीत असेल?

मला काय वाटलं

वेगळा विदर्भ व्हावा की नाही, हे सांगायला हा पाठ नाही. वर्गात तर मुळीच नाही. आपल्याच स्टाफरूममध्ये या विषयावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत.

मला बापूजींकडून घ्यावीशी वाटते ती दुसरी गोष्ट. हा माणूस तीनदा लहान पक्षात गेला आणि तिन्ही वेळा लहानच राहिला. राज्यपाल राहिलेल्या माणसाला मान खूप होता, गप्प बसला असता तर तो आणखी वाढला असता. तरी जे पटलं त्यासाठी त्याने ऐंशीच्या घरात मतं मागितली. आणि मागण्याची रीतही बघा. आयोगाला निवेदन, निवडणूक, लोकसभेतलं भाषण. ज्या महाराष्ट्रात राहायचं नव्हतं, त्या महाराष्ट्राच्या टिळकांवर बारा हजार श्लोक लिहिताना त्यांना काही अडचण वाटली नाही. भांडण रचनेशी होतं, माणसांशी नव्हतं.

आपण मुलांना जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगतो. पण आपल्या वर्गातली बहुतेक मुलं आयुष्यात कधी ना कधी हरणार आहेत. स्कॉलरशिपमध्ये, नवोदयमध्ये, नोकरीत. हरल्यावरही आपलं म्हणणं नीट, सभ्यपणे मांडत राहायचं असतं, हे त्यांना कोण शिकवणार?

यंदाच्या १ मे ला मी त्या मुलाला गाठलं. तो आता सहावीत, दुसऱ्या शाळेत आहे. निकाल घेऊन घरी चालला होता. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभं राहून मी त्याला दहा मिनिटांत हे सगळं सांगितलं आणि तेव्हा मला उत्तर येत नव्हतं हेही कबूल केलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की मग आजोबा खोटं नव्हते बोलत ना. मी नाही म्हटलं. तो पळतच घरी गेला.

वर्गासाठी उपक्रम

१. महाराष्ट्राच्या नकाशात १९५५ च्या आयोगाने सुचवलेले आठ जिल्हे रंगवा. त्यांचे आज किती जिल्हे झाले ते मोजा. (उत्तर : ११)

२. घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला विचारा : १९६० पूर्वी आपलं गाव कोणत्या राज्यात होतं? कचेरीची कामं कुठे व्हायची?

३. वर्गाचे दोन गट करा. एकाने एकच मराठी राज्य का हवं ते सांगावं, दुसऱ्याने वेगळा विदर्भ का हवा ते. मग गट बदला आणि उलट बाजू मांडायला लावा. (सहावी ते आठवीसाठी)

४. मिठाच्या सत्याग्रहाऐवजी आपल्याकडे गवताचा सत्याग्रह का झाला, पाच ओळी लिहा.

तुमच्या शाळेत हे उपक्रम करून बघा. आणि एखाद्या मुलाने असा अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर मी केली ती चूक करू नका. उद्या सांगते म्हणा आणि खरंच उद्या सांगा.